हाल्बेराचा अंगठा

आमच्या गावच्या मासळीच्या कारखान्यात हाल्बेरा अठ्ठावीस वर्षं दिव्याच्या टेबलाशी उभी आहे. काचेखाली दिवा, काचेवर कॉड माशाचा तुकडा, हातात चिमटा. मांसात जंत दिसला की उपटायचा. मी तिच्या शेजारीच असते, त्यामुळे तिची जंतपुराणं मला तोंडपाठ आहेत.

"गांडुळासारखी वळी नसतात याच्या अंगावर," ती सांगते. "नळीत नळी, एका टोकाला तोंड, दुसरीकडे बाकीचं. स्नायू सगळे उभे, लांबीतले. म्हणून बिचाऱ्याला नुसतं वाकडंतिकडं होता येतं. आयुष्यात चारदा कात टाकतो. लग्न मात्र सीलच्या पोटात. अंडी समुद्रात, तिथून कोळंबीत, कोळंबीतून माशात. आणि माशात वेटोळं घालून बसायचं, सील कधी गिळतोय याची वाट बघत."

हे सगळं कॉफीच्या सुट्टीत, मी क्लायनाचा तळलेला गोड पीळ तोंडात घालत असताना. म्हटलं, खाऊ तरी दे सुखाने. तर म्हणते, "रोज शंभर उपटतेस, आता कसलं सोवळं गं?"

वसंतात स्टेनग्रिमुर नावाचा नवा मुकादम आला. बाहेर गेलेल्या एका खोक्यात जंत सापडला आणि यानं ठरवलं, म्हातारीचे डोळे गेले, तिला खोकी बांधायला पाठवायचं. तिथे एकटीनं गारठायचं, बोलायला कुणी नाही. हाल्बेरा तिथे महिनाभरसुद्धा टिकली नसती. मला धडकीच भरली, कारण डोळे खरंच गेले होते. तिच्या तुकड्यांवरून मी गुपचूप नजर फिरवत असे.

स्टेनग्रिमुरनं दिव्यावर धरून दहा स्वच्छ तुकडे निवडले, त्यांत चिमट्यानं सात जंत खुपसले आणि तिच्यापुढे ठेवले. मला लांब उभं केलं. हाल्बेरानं प्रत्येक तुकड्यावर अंगठा फिरवला आणि चार जंत काढले.

"माझ्या सातांतला एकही नाही यात," तुकडे पुन्हा दिव्यावर धरून तो म्हणाला.

"मग हे चार कुठले?" मी विचारलं.

हाल्बेरानं चिमटा खाली ठेवला. "मला दिसत नाही. मासा जंताभोवती कवच बांधतो, त्याची गाठ अंगठ्याला लागते. तू खुपसलेल्यांना घरच नाही, मला कसे लागणार? आणि जाड मांसात खोल बसलेला तुझ्या दिव्याला कसा दिसणार?"

त्यानं ते चार जंत बोटानं हलवून पाहिले.

"जाड तुकडे आधी हिच्याकडे," शेवटी तो मला म्हणाला, "मग तुझ्याकडे, दिव्यावर. दोघी इथेच उभ्या राहा."

तो गेला. माझे डोळे भरून आले. हाल्बेरानं दोन-तीन तुकडे चाचपले आणि मग सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "सोलवेग, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत गं? दोन वर्षं विचारायची चोरी होती."