शिट्टीचा पट्टा

पैसा न सोडता जगायची कला अख्ख्या मावळ तालुक्यात एकाच माणसाला साधली आहे, आणि तो माणूस वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना आबा म्हणतो. रेल्वेत ते कीमॅन होते. म्हणजे खांद्यावर हातोडा टाकून घाटातला आपला ठरलेला पट्टा रोज चालायचा आणि रुळाची एखादी चावी सैल दिसली की ठोकून बसवायची. निवृत्त झाले तरी ठोकायची सवय काही गेली नाही. आमच्या फाटकाची बिजागरी, मोरीतला नळ, माझ्या चपलेचा अंगठा, सगळं त्यांनी न सांगता दुरुस्त केलेलं आहे. साबणाची उरलेली चिपटी ते नव्या वडीला चिकटवतात. चहाची पावडर स्वतःसाठी दोनदा उकळतात आणि पाहुण्यासाठी तिसऱ्यांदा. "नवं आणायला अक्कल लागत न्हाई," हे वर ऐकवतात.

अशा माणसाच्या घरात शिट्टी नावाची काळी मांजर शिरली आणि तिला नेमकी पिसवांची ॲलर्जी निघाली. शेपटीच्या मुळाशी केस गेले, मान ओरबाडून लाल झाली. आबांनी आधी कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली, त्यात शिट्टीपेक्षा आबाच जास्त ओरबाडले गेले. मग कुणाच्या तरी कुत्र्याचं उरलेलं औषध ते फुकटात घेऊन आले. मी घाईघाईने तळेगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर ओरडले, "अहो, ते मांजराला विष आहे! तिला इकडे आणा." आबांनी तिला हत्यारांच्या जुन्या पिशवीत घातलं आणि आम्ही लोकलने निघालो. रेल्वेचा पास असताना रिक्षा करणं त्यांना पाप वाटतं. माझं तिकीट अर्थातच मी काढलं.

डॉक्टरांनी समजावलं, "हिला एक पिसू चावली तरी अंगभर खाज सुटते. दर महिन्याला मानेवर हे थेंब टाकायचे, बाराही महिने. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं." किंमत ऐकून आबा शेजारच्या स्टुलावर बसले. "एवढ्याश्या थेंबाला? सोन्याचं पानी हाय का काय?" पण घेतले बिचाऱ्यांनी. तीन महिन्यांत शिट्टी पुन्हा काळीभोर झाली आणि तिथेच आबांमधला काटकसरी माणूस जागा झाला. "थंडीत कसल्या आल्यात पिसवा?" म्हणून थेंब बंद. संक्रांतीपर्यंत मांजर सोललेली. इंजेक्शन, गोळ्या, आणि वाचवलेल्या थेंबांच्या दुप्पट खर्च.

परतताना आबा तळेगावच्या फलाटावर रुळांकडे बघत बसले. मग म्हणाले, "पोरी, काल गाडी नीट गेली म्हनून आज पट्टा चालायचा सोडला, असं मी तीस वर्सांत कधी केलं न्हाई. आन हितं काय केलं?"

दुसऱ्या दिवसापासून शिट्टी हाच त्यांचा पट्टा झाला. सकाळी सातला तिला मांडीवर घ्यायचं, खाली ओला पांढरा रुमाल पसरायचा आणि उवांच्या फणीने मानेपासून शेपटीपर्यंत विंचरायचं. रुमालावर काळे कण पडून लाल विरघळले, की समजायचं पिसू आहे. रविवारी गोधडी उकळत्या पाण्यात, एक तारखेला थेंब. मग फणी घेऊन ते आमच्या मोत्या कुत्र्याला आणि आळीतल्या इतर मांजरांनाही विंचरू लागले. "शेजारची लाईन खराब असंल तर माझी गाडी कशी चालंल?" आळी हसली, पण इंजेक्शनाची पाळी पुन्हा आली नाही.

पुढे काही वर्षांनी आबा रुमाल अगदी नाकाशी धरून बघू लागले. मोतीबिंदू. शिबिरात फुकट शस्त्रक्रिया होती, तरी हे टाळत राहिले. फुकटसुद्धा नको म्हणणारे आबा मी पहिल्यांदाच पाहिले. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "आठ दिस वाकायचं न्हाई म्हनत्यात. पट्टा कोन चालंल?" मी चालेन म्हटलं. त्यांनी तीन दिवस माझी परीक्षा घेतली, मग फणी माझ्या हातात दिली आणि लेकीकडे वराळ्याला गेले. मी एक दिवसही चुकवला नाही. चुकवायची छातीच नव्हती, रोज सात वाजता फोन यायचा.

नवव्या दिवशी आबा काळा चष्मा लावून आले. खिडकीशी बसून त्यांनी शिट्टीला मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला. मी स्वच्छ रुमाल पुढे करून शाबासकीची वाट बघत होते. त्यांनी रुमालाकडे पाहिलंच नाही. शिट्टीच्या हनुवटीखाली बोट धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"पोरी, ही हितं पांढरी कधी झाली?"

"दोनेक वर्षं झाली, आबा."

"मला आपली काळी कुळकुळीतच दिसायची."

आबांनी फणी घेतली आणि नेहमीपेक्षा सावकाश, अगदी हलक्या हाताने एकदा फिरवली.

"थेंबाला किती दिस राह्यलं?"

"चार."

"उद्याच थेंब आणाया जाऊ, डॉक्टरला दाखवून बी घेऊ," आबा म्हणाले. मी खुंटीवरची पिशवी काढायला उठले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "ऱ्हाऊ दे. रिक्षा सांग. पिशवीत तिला लय हादरं बसत्यात."