ओढून बघितलेला जोड

लातूरचे वायरिंगवाले अण्णा हातात आलेली कोणतीही वस्तू आधी हलकेच ओढून बघत. चहाच्या किटलीची कडी, गिऱ्हाइकाच्या पिशवीचा बंद, स्वतःच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा. "ओढल्याबिगर जोड म्हणू न्हाई," असं ते म्हणत. त्यांच्याविषयी लिहिण्याइतकी मी त्यांना ओळखत होते का, माहीत नाही. तरी लिहिते.

पहिली भेट माझ्या प्रवेशाच्या दिवशी झाली. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. संध्याकाळच्या आत नांदेडला इंजिनीअरिंग कॉलेजात हजर झाले नाही, तर माझी जागा दुसऱ्याला जाणार होती. पप्पा मुरुडला भाड्याची गाडी चालवतात. तीच घेऊन आम्ही निघालो. वाटेत गाडी झटके देऊ लागली, काळा धूर सोडू लागली आणि लातुरात अण्णांच्या दुकानाजवळ बंदच पडली.

अण्णांनी बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि ऑक्सिजन सेन्सरचं कनेक्टर सोडवून पप्पांच्या नाकासमोर धरलं. धुरावरून इंजिनला पेट्रोल कमी-जास्त करायला लावणारा हा सेन्सर. त्याच्या कनेक्टरची लॉकची पट्टी तुटली होती, आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि वर हळदीकुंकू वाळलं होतं.

"पाव्हणं, दसऱ्याला नारळ कुठं फोडला?"

"टायरपाशीच की," पप्पा म्हणाले. "पाणी तेवढं इंजिनावर शिंपडलं. दरसाल शिंपडतो."

"पूजा मी बी रोज करतो. पर अभिषेक पिंडीवर करतो, वायरिंगवर न्हाई!"

पप्पा ओशाळून हसले. "अण्णा, सध्या टेप मारून द्या. पोरीचं ॲडमिशन हाय आज."

"टेप मारतो. अहमदपूरच्या पुढं पोरगी ढकलंल का गाडी?" अण्णा खाली वाकले. "घाई तुम्हाला हाय, वायरीला न्हाई."

त्यातल्या दोन वायरी एकाच रंगाच्या होत्या. अण्णा एकच वायर तोडत, तांबं चकाकेपर्यंत मागं सोलत, नवी पिन पकडीनं दाबून नव्या कनेक्टरात बसवत, मगच दुसरीला हात लावत. "समद्या एकदम तोडल्या की कुणाचं लेकरू कुणाच्या मांडीवर, कळत न्हाई."

"सोल्डर नाही करणार?" मी घाबरत विचारलं.

"हा सेन्सर वायरीतूनच बाहेरची हवा ओढतो, पोरी. सोल्डर आत उतरलं की त्याचं नाक बंद."

शेवटी एकेक वायर त्यांनी ओढून बघितली. अखेरची त्यांच्या हातातच आली. ऊन कलायला लागलं होतं. पप्पा घड्याळ बघत पायरीवर बसले. माझे डोळे भरून आले. अण्णा मात्र खुशीत म्हणाले, "बरं झालं, हितंच निघाली!" नवी पिन घेतली, दाबली, ओढली. या वेळी बसली. तापणाऱ्या पाइपापासून लांब त्यांनी वायरी बांधल्या. गाडी एकसारखी चालू राहिली. मी आत बसताना त्यांनी माझ्या बॅगेचा पट्टा ओढला. "पक्का हाय. जा."

प्रवेशाची खिडकी बंद होता होता आम्ही पोहोचलो.

पुढं गावी जाताना लातूरला बस बदलायची, तेव्हा मी दुकानात डोकावायचे. पहिल्याच सेमिस्टरला गणितात नापास झाले. कॉलेज सोडून घरी राहावं असं मनात घेऊन निघाले होते. घरी सांगायच्या आधी ते अण्णांना सांगितलं. ते पकड पुसत ऐकत राहिले.

"हितंच निघाली ना? पुढं रस्त्यात तर न्हाई? मग दाब परत."

दुसऱ्या दिवशी मी नांदेडची बस पकडली. पुढच्या परीक्षेत गणित सुटलं.

यंदा पावसाळ्यात अण्णा गेले. मला उशिरा कळलं. मी लातूरला उतरले तेव्हा शटर खाली होतं आणि कुलपावर धूळ होती. मी ते कुलूप ओढून बघितलं आणि स्टँडवर परत आले.

दसऱ्याला घरी होते. पप्पांनी गाडीला हार घातला, टायरपाशी नारळ फोडला, पाणी सगळं तांब्यात धरलं आणि तुळशीला घातलं. मग बॉनेट उघडून कोरडा हात आत घातला आणि ते कनेक्टर हलकेच ओढलं.

"धरून हाय," ते म्हणाले, आणि बराच वेळ बॉनेट तसंच उघडं ठेवून उभे राहिले.