अप्पांनी सांभाळलेला नवस

आमच्या आडतीवरच्या अप्पांनी ज्याच्यावर माया केली, त्याला मग महादेवानंच वाचवावं. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. त्यांच्या मायेतून मी थोडक्यात वाचलो आहे.

अप्पा म्हणजे लातूरच्या मार्केट यार्डातल्या आमच्या दुकानाचे जुने दिवाणजी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि आवाज असा की सौदा चालू असताना हमाल पोतं खाली ठेवून ऐकत. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. फोनवरून उदगीरला बोलायचं तर उदगीरकडे तोंड करून उभे राहत आणि औशाला बोलायचं तर टेबलाला वळसा घालून पलीकडे जात. एकदा मालकांनी विचारलं, "अप्पा, असं काहून?" तर म्हणाले, "पाठ करून बोलावं का माणसाशी?" सोयाबीनचा दाणा दातानं फोडून ओल सांगत आणि ओल जास्त निघाली की शेतकऱ्यावर नाही, दाण्यावर चिडत.

मी नांदेडहून तिथं हिशेबाला लागलो तो भीत भीतच. मला बऱ्याच वर्षांपासून साखरेचा आजार आहे, इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. आधीच्या दुकानात एकदा चक्कर येऊन पडलो, तेव्हा तिथले मालक फार प्रेमानं म्हणाले, "घरी आराम करा." मग परत बोलावलंच नाही. या वयात पुन्हा दुसरीकडे कोण घेणार? म्हणून इथं कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन सुई टोचायचो आणि पावलं वाजली की सदरा खाली ओढायचो.

पण पहिल्याच दिवशी अप्पांनी पाकासारखा चहा पुढं केला. मराठवाड्यात चहा नाकारणं म्हणजे भांडण काढणं. घाबरून तोंडाला आलं ते बोललो, "नवस आहे अप्पा. गोड सोडलंय महादेवाला."

अप्पांनी हात जोडले. त्या दिवसापासून माझा नवस त्यांचा झाला. कुणाच्या घरून पेढे-बर्फी आली की माझ्यापुढं हात आडवा धरून ओरडत, "नांदेडकराला न्हाई! त्यायचं व्रत हाय!" हमाल मला वाकून नमस्कार करू लागले. साखर अचानक उतरली तर लागेल म्हणून टेबलाच्या खणात मी गुळाचा खडा ठेवला होता. देवाच्या नावानं खोटं बोलणाऱ्याला तेवढाच आधार.

ऐन सोयाबीनच्या दिवसांत एकदा जेवणाआधीची सुई घेतली आणि तेवढ्यात गाड्यांची रांग लागली. सौदा लांबला, डबा राहिला. ओठ बधिर झाले, आकडे पाण्यात पडल्यासारखे हलू लागले. खण उघडला. गूळ नव्हता.

"काय हुडकून राहिले?" अप्पा म्हणाले. "तो गूळ? सकाळीच गायीला घातला. मोह लई वाईट, नांदेडकर."

शेजारी एका हमालाचा चहा होता. मी त्यावर झडप घातली, तर अप्पांनी मनगट धरलं. "अवो, नवस मोडून राहिले का!"

"नवस न्हाई, अप्पा," मी ओरडलो की कण्हलो, आठवत नाही. "शुगर हाय मला. सुई घेतो. गोड द्या, न्हाईतर मरतो."

सौदा थांबला. मालक बघत होते. अप्पांनी तोच चहा माझ्या तोंडाला लावला. मला जरा दिसू लागलं तेव्हा ते जमिनीवर बसले होते. "माणूस मारला असता की वो मी," एवढंच पुटपुटत होते. खोटं बोलल्याबद्दल शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मालक दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आधी सांगायचं होतं. जेवण वेळेवर करत जा." नोकरी राहिली. भीती मात्र गेली नाही. आजही मालकांनी हाक मारली की आधी 'जेवलोय, मालक' असंच तोंडातून निघतं.

त्यानंतर एका दुपारी अप्पा थप्पीमागं आले. मी सुई भरत होतो. आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "डाव्या डोळ्यानं मला दिसत न्हाई. घरी बी ठाऊक न्हाई."

"डॉक्टरला दाखवा ना."

"तुम्ही सांगितलं ते जीव जायची येळ आली म्हणून. माझी कुठं आली अजून?"

पुढं माझ्या तपासणीचा दिवस आला, तेव्हा साखरेमुळं डॉक्टर माझे डोळेही बघणार होते. अप्पांना म्हटलं, "चला सोबत. एकट्याला भीती वाटते."

अप्पांनी टोपी घातली, मालकांना ओरडून सांगितलं, "नांदेडकर भितंय, जाऊन येतो," आणि रिक्षात न दिसणारा डोळा माझ्याकडे करून माझ्या उजव्या बाजूला सरकून बसले. मी भितो हे मात्र खोटं नव्हतं.