फुली मारणारा माणूस

हिबाचे अब्बा, म्हणजे माझे नवरे मुश्ताक, यांना माणसाच्या आधी ओरखडा दिसतो. दुबईत अल क्वोजला भाड्याच्या गाड्यांचं एक यार्ड आहे, तिथे सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. गाडी परत आली की टॉर्च घेऊन वाकायचं, दारावरून तळहात फिरवायचा आणि फॉर्मवर छापलेल्या गाडीच्या चित्रावर जिथे लागलंय तिथे फुली मारायची. कस्टमर कितीही हबीबी हबीबी करो, फुली ती फुली. चाकाच्या आतली माती बोटावर घेऊन सांगत, ही डोंगरात गेली होती, ही वाळूत. लोकांच्या सगळ्या सहली त्यांनी अशा बघितल्या. आम्ही स्वतः कुठे गेलो नाही. गावाला जायचं, परत यायचं, खलास.

घरीही तेच. आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये नवा कुकर आला तर आधी पोचा शोधणार. माझ्या मनगटावर फोडणीचं तेल उडालं तर त्याच संध्याकाळी विचारणार, हे कधी झालं? पण ईदला नवा ड्रेस घालून समोर बसले तर काडीचं लक्ष नाही. माणूस वाईट आहे असं कोण म्हणतंय? व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण तीस जूनला नोकरी संपणार, व्हिसा संपणार आणि रत्नागिरीच्या घरात आम्ही दोघंच राहणार, हे कॅलेंडरवर दिसायला लागलं तशी माझी झोप उडाली. यार्डात रोज चाळीस गाड्या असायच्या. रत्नागिरीत मी एकटी. सकाळ-संध्याकाळ माझ्यावरच फुल्या मारत बसणार का हे?

आमची मुलगी हिबा अबुधाबीकडे रुवैसला असते, जावई रिफायनरीत आहे. तिच्याकडे एक जादा खोली आहे. मी तिला सरळ सांगितलं, तुझे अब्बा जाऊ देत रत्नागिरीला, मी तुझ्याकडे राहणार. "अम्मी, आर यू सिरियस?" म्हणाली. आठवड्याने तिने सायप्रसची तिकिटं पाठवली. चार दिवस, भाड्याची गाडी, चालवायला अब्बा, सोबत कोणी नाही. म्हटलं ठीक आहे. चार दिवस बघते, हा माणूस माझ्याकडे बघतो की पत्र्याकडे, आणि मग ठरवते. हे मला आणि हिबालाच माहीत.

पाफोसच्या विमानतळावर किल्ली मिळाली आणि हे ऐटीत डाव्या बाजूला जाऊन बसले. समोर स्टिअरिंगच नाही! तिथे आपल्या इंडियासारखं डावीकडून चालवतात, आणि हे गाडी शिकले दुबईत. गावात यांनी बैलगाडीसुद्धा हाकलेली नाही. मी पोट धरून हसले. हे हसले नाहीत. खाली उतरून मोबाइल काढला, गाडीभोवती फिरून अडतीस फोटो घेतले आणि काउंटरवरच्या मुलीला तिच्या फॉर्ममध्ये नसलेले सतरा ओरखडे दाखवले. ती कंटाळली, पेनच यांच्या हातात दिलं, तुम्हीच लिहा म्हणाली. यांची ईद झाली.

पहिले दोन दिवस हॉटेलच्या बाजूला, गर्दीत गेले. प्रत्येक चौकात मी "डावीकडे, डावीकडे" म्हणत होते. पार्किंग कुठे, तर लांब कोपऱ्यात, दुसऱ्याचं दार लागू नये म्हणून. माझे गुडघे बोलतात, पण त्यांची फुली कुठे मारणार? संध्याकाळी मी किनाऱ्यावर बसायची आणि हे गाडीभोवती फेरी मारून, फोटो काढून यायचे. कॉफीच्या किमतीचे आधी दिरहम, मग रुपये मोठ्याने करून सांगितले, तोवर कॉफी गार.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, यल्ला, चला, आज मी सांगते तिकडे जायचं. नकाशात पश्चिमेला जमिनीचं एक टोक होतं, तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, नुसती एक खाडी, जिथे कासवं अंडी घालतात. माझं माहेर कोकणात, कासवांच्या वेळासजवळ. कासवं म्हटलं की मला राहवत नाही. वाटेत झोपलेली गावं लागली, बंद खिडक्या, शेळ्या, खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा. मग डांबर संपलं आणि यांनी इंजिन बंद केलं.

कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही, असं फॉर्मवर लिहिलंय, म्हणाले. मला माहीत होतं. याच कारणासाठी यांनी शेकडो लोकांना पकडलेलं. पण पुढे तीन किलोमीटर चालणं माझ्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. हे खाली उतरले आणि दोन्ही बाजूंच्या झुडपांचे काटे बोटाने तपासायला लागले. माझ्या डोक्यात सणक गेली.

"तुमच्या मोबाइलमध्ये या गाडीचे किती फोटो आहेत?"

"असतील शंभरेक."

"आणि माझे?"

त्यांनी मोबाइल उघडला. अंगठा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. एकही नव्हता. मग जे चार दिवस झाकून ठेवायचं ठरवलं होतं ते बाहेर आलंच.

"मी रत्नागिरीला येत नाही. हिबाकडे राहणार आहे. उरलेलं आयुष्य मला तुमच्या फॉर्मवरची गाडी होऊन काढायचं नाही."

यांनी मोबाइल खिशात ठेवला. चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. मग ते येऊन स्टिअरिंगवर बसले.

"बस गो," म्हणाले.

अर्ध्या वाटेवर काटा माझ्या दाराला घासत गेला, कर्र करून, लांबपर्यंत. यांची मान ताठ झाली. पण गाडी थांबली नाही.

खाडीवर कोणी नव्हतं. कासवांच्या घरट्यांवर तारेच्या जाळ्या ठेवलेल्या, अगदी आमच्याकडे असतात तशी राखण. लहानपणी बाबा आम्हाला पहाटे उठवून पिल्लं समुद्राकडे जाताना दाखवायचे, ते मी यांना सांगितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे मी कधी बोलले नव्हते आणि यांनी विचारलं नव्हतं. आम्ही दुपारपर्यंत बसलो. निघताना यांनी आधी माझं दार उघडलं. त्यावर हातभर ओरखडा होता. दिसला तर असणारच, पण वाकले नाहीत.

तरी मी हुरळले नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हटलं गाडी परत देताना बघू.

परत देताना तीच मुलगी होती. धुळीमुळे तिला काही दिसलं नाही, सगळं ठीक म्हणाली. "नो," हे म्हणाले, आणि तिला माझ्या दाराशी नेऊन हाताने धूळ पुसून ओरखडा दाखवला. मी कपाळाला हात लावला. कसा झाला, तिने विचारलं. यार्डातल्या इंग्लिशमध्ये हे म्हणाले, कच्च्या रस्त्यावर गेलो, चूक माझी, पण माझ्या बायकोला तिथला समुद्र बघायचा होता. मग तिच्या हातातलं पेन घेऊन फॉर्मवर स्वतःच फुली मारली. आधीच्या सतरा दुसऱ्यांच्या, आमच्या सहलीची ती पहिली फुली.

नंतर मोबाइल तिच्या हातात दिला आणि मला दाराशी उभं केलं. माझ्यामागे ओरखडा झाकला गेला होता. आता म्हणणार, जरा बाजूला हो. यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, परत आलेल्या गाडीला बघतात तसं, आणि मी तयारीत राहिले.

"ही ओढणी नवीन आहे?"

"तीन वर्षांची आहे."

"चांगली दिसते," म्हणाले आणि येऊन माझ्याशेजारी उभे राहिले.

मला रडू आलं, तेच फोटोत आहे. हिबाला विमानतळावरूनच फोन केला, ती खोली माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस, मी रत्नागिरीला जातेय.