कढीपत्त्याची कमिटी

आखातात, अल गराफातल्या आमच्या कंपाउंडमध्ये बारा व्हिला आहेत आणि त्यांच्या मागे एक कढीपत्त्याचं झाड होतं. व्हिलांतले बहुतेक पुरुष तेलाच्या आणि वायूच्या कंपन्यांत आहेत. जमिनीखालचा वायू किती वर्षं पुरेल हे सांगण्याचा त्यांना पगार मिळतो. जमिनीवरचं एक झाड त्यांच्या हातात वर्षभरही टिकलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

झाड लावलं होतं कंपाउंडच्या माळ्याने. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले गृहस्थ. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. बी त्यांनी गावाहून खिशातून आणलं होतं. रोज सकाळी ते बरवा अल बराहा या कामगारांच्या वस्तीतून बसने यायचे आणि आमच्या एसींचं ठिबकणारं पाणी बादल्यांत धरून झाडाला घालायचे. फोडणीला पाला हवा असला की आम्ही बायका त्यांना सांगायचो. ते झाडाकडे जरा बघायचे, मग शेंडा कापून एक डहाळी हातात द्यायचे. कधी कधी नाहीही म्हणायचे. त्या दिवशीची आमटी पाल्याशिवाय व्हायची आणि मुकाट्याने खाल्ली जायची.

मग कुणा एकीला वाटलं की शेजारणीला जरा जास्तच मिळतं. झालं! माझ्या नवऱ्याने कमिटी काढली. तो चेअरमन, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून सेक्रेटरी. भांडण मराठीत व्हायचं, मिनिट्स इंग्रजीत. चाचांना बोलावलं नाही, कारण ते रहिवासी नव्हते.

ऑगस्टमध्ये झाड अंगभर फुटलेलं असताना दोन इंजिनिअरांनी फांद्या मोजून एक्सेलमध्ये घातल्या. ठरलं असं की दर शुक्रवारी प्रत्येक घराला एक जुडी, वर्षभर. तोवर मला आठवड्याला चार पानं पुरत होती. आता जुडी हक्काची झाली, आणि हक्काचं सोडतो तो मराठी माणूस कसला! बायको माहेरी गेलेले, फोडणी कशाशी खातात हे ठाऊक नसलेले नवरेही शुक्रवारी कात्री घेऊन हजर. उरलेला पाला फ्रीजरमध्ये जायचा. माझ्याही.

दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा हेही ठरलं होतं. नोव्हेंबरच्या आढाव्यात झाड विरळ दिसलं. कोणीतरी चोरून तोडतंय, असा निष्कर्ष निघाला. झाडाभोवती जाळीचं कुंपण आलं, त्याला कुलूप लागलं आणि चावी सेक्रेटरीकडे, म्हणजे आमच्या दाराजवळच्या खुंटीला. मी दुपारपर्यंत शाळेत. चाचा बादली घेऊन कुंपणाबाहेर उभे राहायचे आणि जाळीतून जेवढं आत पडेल तेवढं पाणी फेकायचे.

डिसेंबरमध्ये ते माझ्याकडे आले. म्हणाले, "भाभी, थंडीत हे झाड झोपतं. दोन महिने कुणी हात लावू नका. एसी बंद झाले, पाणी थोडंच मिळतं, तेवढं तरी मुळाशी पोचू दे. चावी माझ्याकडे द्या."

मी त्यांना समजावलं की एकटीने ठरवण्याचा मला अधिकार नाही, फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये विषय घेते. ते "इन्शाल्ला" म्हणाले. काही होणार नाही हे समजलं की इथे जसं म्हणतात, तसं. चावी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर लटकत होती.

फेब्रुवारीत तो विषय शेवटचा होता. त्याआधी जेवण आलं. उठता उठता एवढंच ठरलं की कोण किती तोडतं याचं आता रजिस्टर ठेवावं. झाडाला थोडे दिवस सोडून द्या, असं एकाही मिनिट्समध्ये नाही. मीच लिहिली आहेत, म्हणून खात्रीने सांगते. बारभाईची शेती, दुसरं काय. मे महिन्यात कुंपणाच्या आत एक काठी उभी होती. कुलूप मात्र शाबूत.

त्याच सुमारास चाचांच्या कंपनीने त्यांना दुसरीकडे हलवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी कुंपणाबाहेर मुळातून फुटलेला एक कोंब मातीसकट काढला आणि तेलाच्या डब्यात लावून नेला. मी पाहिलं आणि मिनिट्समध्ये लिहिलं नाही. सेक्रेटरी म्हणून मी केलेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम.

गेल्या महिन्यात त्यांना फोन केला. कोंब आता कमरेएवढा झालाय, त्यांच्या खोलीच्या दाराशी असतो. ज्याला पाला लागतो तो विचारतो. ते देतात, कधी नाही म्हणतात. मी जरा चाचरतच एक रोप मागितलं.

"देतो की भाभी," ते म्हणाले. "फक्त चावी कुणाकडे राहणार, ते आधी सांगा."

मला लाज वाटली. फ्रीजरमध्ये हक्काच्या जुड्या अजून पडून होत्या, काळ्याठिक्कर. सोफ्यावरून नवऱ्याने विचारलं, रोप मिळतंय का, मिळत असेल तर शुक्रवारी मीटिंग लावतो.

"राहू दे चाचा," मी फोनवर म्हटलं. "तुमच्याकडेच राहू दे."