तीन पाट्या, एक चूल

धुरंधर कधीही समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायचे नाहीत. नमस्कार तुम्हाला आणि नजर तुमच्या डोक्याच्या वर. पहिल्या भेटीत मला वाटलं, अगं बाई, माझ्या डोक्यावर पाल तर नाही ना पडली! मी आपली पदर झटकत बसले. मग कळलं, साहेबांची सवयच ती. नाशिकभर कारखान्यांची धुराडी बघत हिंडायची नोकरी, मान खाली यायला सवड कुठली?

त्यांचं खरं आडनाव अगदी साधं होतं, पण ते आमच्या घरात कुणी घेतलंच नाही. 'धुरंधर' हे नाव माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, रागानं ठेवलेलं. सातपूरला आमची ओतकामाची फाउंड्री होती आणि हवेच्या प्रदूषणाचा कायदा नुकताच आला होता. त्या कायद्याचं हे माणूस महिन्याआड गेटात उभं राहायचं. पुढे नाव त्यांच्या कानावर गेलं, तर रागावायचं सोडून स्वारी खूश! "धुरंधर? वा! बायकोला सांगितलं पाहिजे. घरी मला वेंधळा म्हणतात."

अंगात कायम पांढरा शुभ्र टेरीकॉटचा शर्ट. धुराच्या धंद्यात पांढरा शर्ट घालणारा माणूस एक तर येडा असतो, नाही तर फार हुशार. धुरंधर गेटापासून ऑफिसपर्यंत मुद्दाम रमतगमत चालत यायचे, खांद्यावरून बोट फिरवायचे आणि ते काळं झालेलं बोट दादांपुढे धरायचे. "धूर मोजायची यंत्रं येतील तेव्हा येतील, भाऊसाहेब. तोवर हा शर्ट आहे आणि आमच्या हिची बोलणी आहेत."

त्यांना आमच्याकडे धाडलं ते कौसाबाईच्या तक्रारीनं. कौसाबाईचा फुलांचा मळा आमच्या कारखान्याला लागून, आणि घरच्या पूजेची फुलंही तीच आणायची. एकदा सासूबाईंनी शेवंती हातात घेतली तर बोटं काळी. "काय गं हे? देवाला काजळ लावू का?" तर ती ठसक्यात म्हणाली, "तुमच्याच धुराड्याचं हाय, आजी. बाजारात कोण घेत नाय. लय झालं. असंच ऱ्हायलं तर यंदा मळा मोडायचा, दुसरं काय!" सासूबाईंनी ती फुलं धुऊन देवाला वाहिली.

आता मोठा कारखाना कोणता आणि लहान कोणता, हे ठरवायचं होतं. मोठा ठरला की धूळ धरणारं यंत्र बसवणं आलंच. दादांचा जीव त्यात अडकलेला. ते म्हणायचे, एवढ्या खर्चात कारखान्याला टाळं लागेल. "आम्ही कुठले मोठे? आठवड्यातून दोनदा तर भट्टी पेटते," ते सांगायचे. त्यावर धुरंधर वर बघत म्हणायचे, "भाऊसाहेब, आज एकादशी म्हणून तुम्ही चमचाभर भगर खाल्लीत, तेवढ्यावरून मी तुमची भूक धरू? मी ताट केवढं ते बघतो. भट्टी रात्रंदिवस पेटली तर किती धूर जाईल, तेवढे तुम्ही मोठे." त्यांचा सगळा कायदा असा स्वयंपाकघरातून यायचा. आमच्या ह्यांना तर तो त्या ताटावरूनच पहिल्यांदा समजला.

मग दादांनी शक्कल लढवली. भट्ट्या होत्या तीन. तिन्ही भावांच्या नावे एकेक करून दिली आणि गेटावर तीन नव्याकोऱ्या पाट्या ठोकल्या. तीन कारखाने, तिन्ही लहान! धूर मात्र पूर्वीसारखाच, तिन्ही भट्ट्यांचा मिळून एकाच धुराड्यातून वर जायचा. धुरंधरांनी पाट्या वाचल्या, प्रत्येकीला नमस्कार केला आणि विचारलं, "घरं वेगळी झाली म्हणायची?" दादा म्हणाले, "हो तर! आमचा तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही." हे सांगताना दादांनी आमच्या ह्यांच्याकडेच पेन मागितलं, ती गोष्ट वेगळी.

त्याच सुमारास दादांचा पाय मुरगळला आणि सहीसाठी धुरंधर कॉलेज रोडला आमच्या घरी आले. ऐन जेवणाची वेळ. आत भरल्या वांग्यांचा घमघमाट सुटलेला. सासूबाई म्हणाल्या, "साहेब, हात धुवा, पानं वाढतेय." धुरंधरांनी जोरात श्वास ओढला आणि डोळे मिटले. "काकू, नुसतं पाणी. ज्यांचा धूर मोजायचा, त्यांचं मीठ खायचं नाही. बदली झाली की मात्र नक्की येईन जेवायला."

पाणी पीत ते सहज म्हणाले, "घर अगदी भरलेलं दिसतंय, काकू." झालं! सासूबाईंचा सगळ्यात आवडता विषय निघाला. "भरलेलं म्हणजे काय! तीन मुलं, तीन सुना, नातवंडं. पण चूल एकच हो! मी असेपर्यंत वेगळी चूल मांडायची कुणाची छाती नाही. गावात म्हणतात आम्हाला, मोठं घर!"

दादांचा चेहरा असा झाला की मला पदर तोंडात कोंबून आत पळावं लागलं. धुरंधर इतके हसले की पाणी शर्टावर सांडलं. "भाऊसाहेब, एकाच आवारात, एकाच घराच्या हातात जेवढ्या भट्ट्या, तेवढ्यांचा धूर एकत्र धरायचा. नियम हाच आहे, काकूंनी फक्त तो मराठीत सांगितला. पाट्या तीन, चूल एक. तुम्ही मोठे!"

दादा त्या रात्री जेवले नाहीत. "आईनं बुडवलं," एवढंच घोकत होते. सासूबाईंच्या तोंडून ते सहज निघून गेलं, की कौसाबाईची शेवंती त्यांच्या मनात होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची माझी काय टाप होती!

यंत्र बसलं. टाळं काही लागलं नाही. कौसाबाईनं एके दिवशी परडी सासूबाईंपुढे आपटली आणि म्हणाली, "बघा आता! हाय का कुठं काळं?" आणि धुरंधर आले ते गेटापासून ऑफिसपर्यंत दोनदा चालले. बोटाला काही लागेना. "आमची ही तुम्हाला दुवा देईल," ते म्हणाले. दादांनी पहिल्यांदा त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. पुढे लवकरच त्यांची विदर्भात बदली झाली. नाशिक सोडायच्या धांदलीत जेवण राहूनच गेलं.

ते आले ते काही वर्षांनी, त्र्यंबकेश्वरला जाताना, आगाऊ न कळवता. दारात उभे, नजर माझ्या डोक्याच्या वर! तिथूनच आत हाक मारली, "काकू, मीठ खायला आलोय." सासूबाईंना एवढा आनंद झाला, आणि मग एकदम त्यांचा चेहराच उतरला. कारण मधल्या काळात आम्ही वेगळे झालो होतो. भांडण असं काही नाही. मुलं मोठी झाली, जागा पुरेना. एकाच घरात वर, खाली आणि मागे अशी तीन स्वयंपाकघरं झाली होती. सासूबाई तेव्हापासून कुणाकडे हळदीकुंकवालासुद्धा गेल्या नव्हत्या.

"साहेब," त्या मान खाली घालून म्हणाल्या, "आता आम्ही लहान झालो हो. चुली तीन झाल्या."

धुरंधर त्यांच्या पुढ्यात बसले, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना कुणाच्या तरी डोळ्यांत बघताना पाहिलं.

"काकू, कारखाना तिघं मिळूनच चालवतात ना?"

"हो. तेवढं आहे."

"आणि धुराडं?"

"ते एकच आहे."

"मग कसल्या लहान? नियमानं तुम्ही मोठ्याच. मी लिहूनसुद्धा देतो."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि आम्हा तिघींना हाक मारली. त्या दुपारी आम्ही आपापले गॅस बंद केले आणि सासूबाईंच्या जुन्या ओट्यावर मिळून भरली वांगी केली.