बघते, असं म्हणाले होते मी

रविवार, १४ सप्टेंबर. त्या दिवशी दोन कामं होती. दुबईत जबल अलीजवळच्या आमच्या फ्लॅटच्या देखभाल फीच्या पावत्या वर्षाप्रमाणे लावायच्या, आणि दुपारी तिथे जाऊन भाडेकरू मयेकरांना सांगायचं की घर विकतेय, महिनाअखेर सोडा. गिऱ्हाईक मिळालं होतं, त्याला घर रिकामं हवं होतं. बिल्डिंगच्या मॅनेजमेंटने ना-हरकत पत्र दिलं की व्यवहार पुरा, आणि डिसेंबरात मी कायमची सांगलीला. एसीच्या झोताने पावत्या उडायला लागल्या, म्हणून एसी बंद केला आणि घाम पुसत फरशीवर बसले.

कागद लावणं मला जमतं. वडील मिरजेला मामलेदार कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. सतरा वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हा स्टेशनवर आई गार्गीला गाडीत भरवायचा दहीभात परत परत दाखवत होती. गार्गी चार वर्षांची होती, माझ्या कडेवर झोपलेली. वडिलांनी एक फाईल हातात दिली. आत लग्नाचा दाखला, गार्गीच्या जन्माचा दाखला, प्रत्येकाच्या सहा सहा प्रती. म्हणाले, "तिकडे कुणी काही बोललं तर हसून ऐक आणि म्हण, लिहून द्या." गाडी हलली तेव्हा आई रडली. वडील फाईलकडे बघत होते, मी ती कुठे ठेवते ते.

मोहन, माझा नवरा, आधीच दुबईत आला होता. आमचं ठरलं होतं: पाच वर्षं, मग परत. हे अर्थातच कुठे लिहिलेलं नव्हतं.

पाच वर्षं झाली त्या साली आम्ही परत जायच्याऐवजी फ्लॅट घेतला. परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर घर घेता येतं असा तो भाग. परवडणारा तेवढा एकच होता, कारण त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण इमारत गार करणाऱ्या यंत्रांवर उघडायची. दिवसभर घरघर. विक्रीच्या टेबलावर एक इजिप्शियन गृहस्थ होते, बोलायला फार गोड. देखभाल फी स्क्वेअर फुटामागे वर्षाला बारा दिरहम, म्हणजे आताचे आपले पावणेतीनशे रुपये. ते म्हणाले, या आवाजाबद्दल तुम्हाला निम्मी. कायमची. खलास, म्हणजे ठरलं! आणि मोहनचा हात हातात घेऊन हलवला. मी म्हटलं, पत्र द्या. ते हसले. मोहनने मला बाजूला घेतलं. "अगं, जाशील तिथे कचेरीबाहेरचं टेबल मांडू नकोस. माणूस बरा आहे."

माणूस बरा होता हे खरं. तो होता तोवर निम्मीच फी घेतली. मग मॅनेजमेंट बदललं. काउंटरवर नवी मुलगी आली, त्रिशूरची, कामाला चोख. तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, लेटर है? मेल है कुछ?"

"नाही. बोलणं झालं होतं."

"किसके साथ?"

"ते आता नाहीत इथे."

"मॅडम, फिर मैं क्या देखूँ?"

तिचं काही चुकलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. फरकाची रक्कम दर वर्षी साठत गेली. त्यांनी आमचं स्विमिंग पूलचं कार्ड बंद केलं. मला पोहता येत नाही, त्यामुळे ती शिक्षा मी शांतपणे भोगली. पण आता ना-हरकत हवं तर सगळं चुकतं करणं भाग होतं.

चार वर्षांपूर्वी मोहनची नोकरी गेली. तो सांगलीला परतला, मी राहिले, कारण गार्गीची कॉलेजची फी समोर दिसत होती. दोन बेडरूमचं घर एकटीला काय करायचं? मी ऑफिसजवळ करामा भागात एका खोलीत आले आणि फ्लॅट भाड्याने दिला. गार्गी आता टोरोंटोत आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, दोघींचं भागतं. सुट्टीच्या दिवशी कुणाचा फोन आला की आधी घसा खाकरावा लागतो, सकाळपासून आवाज वापरलेला नसतो. तक्रार म्हणून सांगत नाही. जे इथे एकटे राहतात त्यांना माहीत असेल.

मयेकर दापोली तालुक्यातले. बंदरावर रिगर म्हणून, म्हणजे क्रेनला माल बांधायला, आले, बारा वर्षांत फोरमन झाले. फ्लॅटचा करार त्यांच्या सुपरवायझरच्या नावाने होता. गेल्या वर्षी तो नोकरी सोडून मायदेशी गेला आणि मयेकर तसेच राहिले. भाडं एक तारखेला यायचं, सोबत फोनवर एखादा कोकणी विनोद. करार त्यांच्या नावावर करून घ्यायचं मनात होतं, राहिलं. मलबारी भाडेकरू असता तर दुसऱ्या दिवशी केला असता.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. "ताई, पगार वाढलाय, आता फॅमिली व्हिसा बसतो. घरच्यांना आणीन म्हणतो. व्हिसाला घराचा करार लागतो माझ्या नावावर, सरकारात नोंदवलेला. आणि वर्षभर घर हलायला नको."

मी ऑफिसात होते, समोर माणसं उभी होती. म्हटलं, "बघते मी."

आमच्याकडे 'बघते' म्हणजे नाही. सांगली-मिरजेत लग्नाच्या स्थळापासून उसन्या शिडीपर्यंत सगळ्याला हे उत्तर देतात, आणि ऐकणारा ओळखून पुन्हा विचारत नाही. मयेकरांनी पुन्हा विचारलं नाही, तेव्हा मला वाटलं, ओळखलं.

तर त्या रविवारी पावत्यांचा गठ्ठा बांधून मी मेट्रोने गेले, पुढे टॅक्सी केली. दार उघडलं तर आत रंगाचा वास. बेडरूमला फिकट पिवळा रंग दिलेला. स्वयंपाकघरात नवी फळी ठोकलेली, माझ्या छातीच्या उंचीवर.

"एवढी खाली कशाला?" मी विचारलं.

"सुरेखा बुटकी आहे," मयेकर म्हणाले. "वर लावली तर रोज मला हाक मारेल. बारा वर्षं फोनवर हाका मारल्यात तेवढ्या बस झाल्या." आणि स्वतःच हसले. कामावरून आल्यासारखा शर्ट नव्हता, इस्त्रीचा होता. मी येणार म्हणून असेल.

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे सुरेखा. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर गोल चेहरा, डोक्यावर पदर ओढलेला, मागे दोन वेण्या घातलेली त्यांची मुलगी डोकावतेय.

"ताई, एक विचारायचं होतं. हे नीट सांगत नाहीत. विळी तिथे मिळते, की आणू?"

"मिळते, पण पातं मऊ असतं," मी म्हटलं.

"मग आणते. विमानात अडवतील का?"

"हातातल्या बॅगेत नको. मोठ्या बॅगेत टाका, पात्याला जाड कापड गुंडाळून."

"बघा, असं सांगणारं कुणी पाहिजे," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही नुसते ये, ये करता."

फोन बंद झाला. घर सोडा म्हणून सांगायला आलेल्या बाईने विळी कशी बांधायची ते सांगितलं होतं. मला माझाच राग आला, म्हणून मी एका दमात सांगून टाकलं. घर विकतेय. गिऱ्हाईक आहे. महिनाअखेर.

मयेकर खाली बसले नाहीत की काही नाही. फळीवरचा एक डबा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"ताई, तुम्ही बघते म्हणाला होतात."

"हो, म्हणजे… तसं नव्हतं ते."

"मग कसं होतं?"

"बघते म्हणजे विचार करते."

"आमच्याकडे बघतो म्हणाला म्हणजे त्याने अंगावर घेतलं. सरपंचसुद्धा उगाच म्हणत नाही. म्हणाला की लोक धरून बसतात ना त्याला."

यावर मी जे बोलले ते लिहायला बरं वाटत नाही. मी म्हटलं, "मयेकर, कागद आहे का काही? कागदावर हे घर रिकामं आहे." खरं होतं ते. सुपरवायझरचा करार संपलेला, नवा नाही, त्यांना हटवायला मला नोटीसही लागली नसती. हे मला जूनपासून माहीत होतं, आणि गिऱ्हाईकाशी बोलताना मी ते सांगितलंही होतं.

ते हळू आवाजात म्हणाले, "अरबाकडनं कागद मागितला असता, ताई. पठाणाकडनं मागितला असता. तुमच्याकडनं कसा मागू? आपण मराठीत बोललो होतो."

खिडकीबाहेर ती यंत्रं घरघरत होती. निघताना त्यांनी विचारलं, चहा टाकू का. मी नको म्हटलं. लिफ्टपर्यंत सोडायला आले. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी मोहनला फोन लावला. तो आता थोरल्या दिरांच्या बरोबर राहतो. चार गुंठ्यांत भाजी लावली आहे, सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांचा ग्रुप आहे, तब्येत सुधारली आहे. मागे जावेचा आवाज येत होता, भावजी, पोळ्या गार होतायत. मी म्हटलं, "फ्लॅट जातोय. डिसेंबरात येते. कायमची."

तो म्हणाला, "बघू."

"काय बघू?"

"नाही, म्हणजे बघू ना. घाई काय आहे? तुझी नोकरी चांगली चालली आहे. इथे तुझं कपाट पण सध्या वहिनींनी घेतलंय, ते सगळं हलवायचं म्हणजे… बघू."

मोहन सांगलीचा. मी मिरजेची. त्या शब्दाचा अर्थ आम्हा दोघांत समजावून सांगायची गरज नव्हती. मी पुन्हा विचारलं नाही. त्याने भेंडीचा भाव सांगितला, मी जेवून घे म्हटलं, फोन ठेवला.

त्याच्यात वाईटपणा नाही. पाच वर्षांचा शब्द आम्ही दोघांनी मिळून मोडला. तुम्ही तिकडची माणसं भेटलात की विचारता, घरी कधी येणार? सतरा वर्षं मी सांगत आले, लवकरच. पण माझ्या जागेवर कुणी बसायचं थांबलं नव्हतं. थांबावं तरी का? दुपारीच मी कागद मागणाऱ्यांच्या बाजूची झाले होते, आणि आता माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं. थोडा वेळ खोलीत दिवा न लावता बसले. मग भांडं घासलं. एकच होतं.

मयेकरांवर मी उपकार केले असं कुणी समजू नये. डिसेंबरात मला कुठे जायचं नव्हतं, तर घर विकायची घाईही नव्हती. पण तेवढंच कारण होतं असंही म्हणणार नाही. ती फळी छातीएवढी होती, ती मला दिसत राहिली.

सोमवारी सकाळी ऑफिसातून दोन तासांची सवलत घेतली. एजंटला फोन केला, विक्री रद्द. तो बराच वेळ ओरडला, मी फोन टेबलावर ठेवून चहा प्यायले. मग मॅनेजमेंटच्या काउंटरवर गेले आणि थकलेल्या फीचे हप्ते बांधून घेतले. त्रिशूरच्या मुलीला म्हटलं, हे आता लिहून दे. तिने दिलं, शिक्क्यासकट.

मयेकरांना रात्रीच फोन करून बोलावलं होतं; ते सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या दारात आधीच उभे होते, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्टच्या प्रती. "या," मी म्हटलं, "नऊनंतर गर्दी होते." पाकिस्तानी टायपिस्टने करार टाईप केला, सरकारी नोंदणीचा फॉर्म उघडला आणि विचारलं, राहणारे किती?

"तीन," मयेकर म्हणाले. मग, त्याने ऐकलं की नाही अशी शंका येऊन, तीन बोटं दाखवली.

त्यांचं काम झालं. ते ड्यूटीवर पळाले. जाताना म्हणाले, "ताई, विळी तुमच्यासाठी पण एक सांगितली आहे." मी काही म्हणायच्या आत रस्ता ओलांडून गेले.

माझ्या पर्समध्ये माझ्याच खोलीच्या कराराच्या नूतनीकरणाचा फॉर्म महिनाभर पडून होता. निघायचंच आहे तर भरायचा कशाला, म्हणून राहिलेला. तो काढून टायपिस्टसमोर ठेवला. त्याने गेल्या वर्षीची नोंद उघडली आणि वाचून दाखवली. नाव, खोली नंबर, राहणारे दोन.

"दो ही रखूँ, मॅडम?"

चार वर्षं मी तिथे दोन लिहीत आले होते. मोहन येईल कधीतरी, तेव्हा गेटवर अडवायला नको.

"एक लिखो," मी म्हटलं.

त्याने तो आकडा बदलला आणि फॉर्म सहीसाठी माझ्याकडे सरकवला. मी दोन प्रती मागितल्या, एक पर्समध्ये ठेवली, आणि सव्वादहाला ऑफिसात पोहोचले.